लिंबाच्या वासाची जाळी

सहा काचेच्या टाक्या. प्रत्येक टाकीत वीस लिटर पाणी आणि दहा मासे, म्हणजे एकूण साठ. भिंतीवर एक घड्याळ, टेबलावर एक वही, एक थर्मामीटर, पाण्यातला ऑक्सिजन मोजणारे एक यंत्र. आणि दारामागच्या खिळ्याला टांगलेली एक जुनी हातजाळी. मित्रांनो, ती हातजाळी म्हणजे मी. सामानाच्या यादीत माझे नाव सर्वांत शेवटी आहे आणि त्यापुढे 'नग एक' एवढेच लिहिले आहे. माझी हकिगत त्याहून थोडी मोठी आहे.

जन्माने मी मच्छरदाणी. सकुबाईने मला शहापूरच्या बाजारातून आणले, तेव्हा तिची अक्षदा तीन महिन्यांची होती. मी सुती होते, पांढरीशुभ्र होते आणि मला चार कोपऱ्यांना चार नाड्या होत्या. नऊ वर्षे मी आटगावातल्या त्या घरात डास अडवले. मग एक दिवस घरची मांजर उंदरामागे धावत थेट माझ्यावर चढली आणि माझी एक बाजू उभी फाटली. आता आपण फरशी पुसणार, असे मी मनाशी धरून चालले होते. पण सकुबाई कापड सहजासहजी टाकणारी नव्हे. तिने माझा धड भाग कापून त्याची पिशवी शिवली. पिशवीच्या तोंडाला नेफा केला, परकराला नाडी ओवण्यासाठी करतात तसा. त्या नेफ्यात बांबूची कामटी वाकवून घातली आणि कारवीची काठी बांधली. डास बाहेर ठेवणारी मी, आता मासे आत घेऊ लागले. गावामागच्या ओहोळात आम्ही दोघींनी पुष्कळ मासे धरले.

पुढे आटगावजवळच्या एका प्रयोगशाळेत सकुबाईला साफसफाईचे काम मिळाले. कारखान्यांत वापरली जाणारी रसायने गोड्या पाण्यातल्या माशांना किती घातक आहेत, हे तिथे मोजतात. मोजणारी प्रियांका प्राणिशास्त्र शिकून नुकतीच कामाला लागली होती. तिला कोणतीही गोष्ट मोजल्याशिवाय चैन पडत नसे. नायलॉनच्या जाळीने मासे उचलले की त्यांचे खवले निघतात, हे तिच्या ध्यानात आले होते. तिने भिंग घेऊन मोजलेही. दहा माशांचे एकतीस खवले.

"तुमची जाळी खरबरीत हाय गो बाय," सकुबाई म्हणाली. "उद्या माझी आनते. बघ तरी."

दुसऱ्या दिवशी मी आले. दहा मासे उचलले. खवले पडले दोन. प्रियांकाने वहीत लिहिले, 'सुती जाळी, मऊ, उत्तम.' मित्रांनो, आयुष्यात माझ्याबद्दल प्रथमच कोणी काही लिहिले होते. मी दिवसभर वाऱ्याशिवाय हलत होते म्हणा ना.

माझे काम सोपे होते, पण त्याला शिस्त होती. मोठ्या हौदात मासे आधी बारा दिवस राहत. मग मी त्यांना एकेक करून सहा टाक्यांमध्ये सोडत असे. पहिल्या टाकीत नुसते साधे पाणी. दुसरीत लिटरला एक मिलीग्रॅम रसायन, तिसरीत दोन, चौथीत चार, पाचवीत आठ आणि सहावीत सोळा. नंतर शहाण्णव तास, म्हणजे चार दिवस, दर दिवशी मोजणी. सहाव्या टाकीतले मासे बहुधा जगत नाहीत, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. तिथे मासा सोडताना मी हलकी होते आणि जड होते. पण त्या मोजणीतून जो आकडा निघतो, त्यावरून नाल्यात काय जाऊ द्यायचे आणि काय नाही, हे ठरते. नाला पुढे नदीला मिळतो आणि नदीत साठ मासे नसतात, मोजता येणार नाहीत एवढे असतात.

पहिली टाकी सर्वांत महत्त्वाची. तिच्यात काहीच घातलेले नसते, म्हणून तिथे काहीच घडता कामा नये. दहांपैकी एक मासा मेला तर चालते. दोन मेले की सगळी परीक्षा रद्द.

दोन वर्षे तिथे काही घडले नाही. मग एके दिवशी प्रयोगशाळेचे प्रमुख शेखर सर म्हणाले, "तपासणीला माणसे येणार आहेत. सगळे लखलखीत दिसले पाहिजे." सकुबाईने फरशा घासल्या, काचा पुसल्या आणि मला घरी नेले. मी तोपर्यंत ओहोळाच्या रंगाची झाले होते. तिने मला धुण्याच्या पावडरमध्ये रात्रभर भिजवले, कुंपणावर वाळवले आणि परत आणून टांगले. मला लिंबाचा वास येत होता. तपासणीला आलेल्या एका बाईंनी मला हात लावून "किती स्वच्छ!" असे म्हटले. तेव्हापासून दर परीक्षेआधी सकुबाई मला घरी नेऊ लागली. आणि मी, खरे सांगते, वाट पाहू लागले. अंघोळीची एवढी हौस मला मच्छरदाणी असतानाही नव्हती.

त्यानंतरच्या पहिल्याच परीक्षेत साध्या पाण्यातले सहा मासे एका दिवसात मेले. परीक्षा तिथेच थांबवली. शेखर सर म्हणाले, "माशांमध्येच रोग असेल."

मासे पुरवणारा भगीरथ वैशाखरे गावाच्या वरच्या वाडीत राहतो. त्याच्या शेततळ्यात रोहूची पिल्ले वाढतात. तो ती ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांमध्ये घालून, मोटारसायकलवरून मुरबाड आणि शहापूर मागे टाकत आणतो. रोगाचे ऐकून त्याने नवे मासे आणून हौदात सोडले. बारा दिवसांत त्यातला एकही मेला नाही. मग सकुबाईने मला धुतले, मी मासे टाक्यांत सोडले आणि दोन दिवसांत साध्या पाण्यातले सात मासे उलटे तरंगू लागले.

शेखर सरांनी भगीरथला बोलावून घेतले. तो आला, तेव्हा टेबलावर दुसऱ्या एका पुरवठादाराचे पत्रक पडले होते.

"दोनदा झाले, भगीरथ," सर म्हणाले. "मासे रोगट आहेत असा शेरा मला फाइलमध्ये लिहावा लागणार."

"साहेब, शेरा लिवाल तर खालच्या गावातला मानूस पन माझी पिल्लं नेनार नाय," भगीरथ म्हणाला. "वैशाखऱ्यात बातमी पोचायला रस्ता लागत नाय. हौदात बारा दिवस कसं मजेत होतं? टाकीत गेलं नि मेलं."

"साध्या पाण्यात मेले रे. दोष कुणाला द्यायचा?"

"पान्याला द्या."

"हौदात आणि टाकीत पाणी एकच आहे."

भगीरथ टाक्यांसमोरून चालू लागला. चौथ्या टाकीपाशी थांबला. तिथे दहाही मासे पोहत होते.

"ही कशाची, मॅडम?"

"चार मिलीग्रॅमची," प्रियांका म्हणाली.

"औषधाची? मग माझं मासं औषधात जगतंय नि साध्या पान्यात मरतंय. लय न्यारं मासं हाय माझं. साहेब, ह्याचा पन शेरा लिवा."

सकुबाई तोंडाला पदर लावून हसली. प्रियांका मात्र वहीकडे बघत राहिली. पहिल्या टाकीत मेलेले सात. दुसरीत चार. तिसरीत एक. चौथीत शून्य. पाचवीत तीन आणि सहावीत दहा.

"वरून खाली उतरत जातात आणि मग परत चढतात," ती स्वतःशीच म्हणाली. "रसायनाने मेले असते, तर नुसते चढले असते."

"सोडता कसं तुमी?" भगीरथने विचारले. "कंच्या टाकीपासून?"

"नेहमी साध्या पाण्यापासून. मग एक, मग दोन, असे चढत. उलटे केले तर जाळीबरोबर रसायन साध्या पाण्यात..."

ती वाक्य पुरे न करता थांबली. मग खिळ्यापाशी आली, मला काढले आणि नाकाशी धरले. मित्रांनो, त्या क्षणापर्यंत मी आपल्या वासावर खूश होते.

"सकुमावशी, ही जाळी कशाने धुता?"

"पावडरीनं. का गो? पांढरी निघत नाय?"

प्रियांकाने माझा नेफा चिमटीत धरून चोळला. कामटीच्या कडेने शिवणीत साबणाची भुकटी गोळा होऊन बसली होती. ती बोटांवर पांढरी उतरली. मी पहिल्या टाकीत दहा वेळा बुडत होते आणि नेफ्यातला सुटा साबण बहुतेक तिथेच सोडत होते. दुसरीत उरलेला, तिसरीत त्याहून कमी. जी टाकी सर्वांत स्वच्छ राहावी म्हणून पहिली ठेवली होती, तिच्यातच मी सर्वांत जास्त घाण नेली होती.

सकुबाई खाली बसली. "म्हंजे मीच मारलं की सगलं."

भगीरथ म्हणाला, "असू दे मावशी. मेलं, पन लिंबाच्या वासात मेलं."

"गप रे मेल्या," सकुबाई म्हणाली, पण तिचा आवाज सावरला.

शेखर सरांनी पत्रक उचलले नाही आणि फाडलेही नाही. "हा अंदाज आहे," ते म्हणाले. "परत एकदा करू, याच तळ्याच्या माशांवर. साध्या पाण्यात एकाहून जास्त मासे मेले, तर मात्र मला शेरा लिहावा लागेल."

"पण साबण पुरता निघाला, हे कळणार कसे?" प्रियांकाने विचारले.

"एवडी शिकलीस नि हे इचारतेस?" सकुबाई म्हणाली. "लुगडं खलबलताना आमी काय बघतो? फेस."

मग त्या दोघींनी माझा नेफा उसवला. कामटी निघाली, चिमूटभर पांढरी पूड बशीत पडली. सकुबाई मला बादलीत खळबळवी, प्रियांका त्या पाण्याने अर्धी बाटली भरून जोरात हलवी आणि फेसाला पट्टी लावी. पहिले पाणी, चार सेंटिमीटर. दुसरे, अडीच. तिसरे, एक. पाचव्या पाण्याला कडेने दोन बुडबुडे. सहाव्याला काही नाही. सकुबाईने तरी सातवे पाणी घेतलेच. माझा लिंबाचा वास गेला आणि मला पुन्हा फक्त सुताचा वास येऊ लागला. नेफ्याऐवजी तिने मला कामटीला वरून दिसणारे टाके घालून शिवले, म्हणजे काही लपायला जागा उरली नाही.

प्रियांकाने दारावर कागद चिकटवला, 'जाळीला साबण लावू नये.' सकुबाईने तो तिला वाचून दाखवायला लावला आणि ती म्हणाली, "खाली माझं नाव लिव. मी सांगितलंय म्हनून."

भगीरथने नवे मासे आणले. हौदातले बारा दिवस गेले. मग मी साठ मासे सोडले, साध्या पाण्यापासून सुरुवात करून. त्यानंतर भगीरथ रोज फोन करी आणि एकच प्रश्न विचारी, "पयली टाकी?"

मित्रांनो, मी खिळ्यावर टांगलेली होते आणि मला दुसरे काही करता येत नव्हते, म्हणून विचार केला. मी गोरीपान, वासाची, कौतुकाची होते, तेव्हाच मी सर्वांत वाईट काम केले. कोणी मुद्दाम केले नव्हते. सकुबाईने माया केली आणि मी मिरवले. तुम्हीही कपडे धुता, भांडी घासता, ओढ्यावर गाडी नेऊन पुसता. जरूर स्वच्छ करा, पण फेस जाईपर्यंत खळबळा आणि ते पाणी ओढ्यात सोडू नका. तिथल्या माशांची मोजणी कोणी ठेवत नाही. आणि माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू घरात असेल, तर तिची काळजी घ्या, पण तिला काय सोसते हे आधी तिला पाहून ठरवा.

चौथ्या दिवशी भगीरथने फोन केला नाही. तो स्वतः आला आणि दाराशी उभा राहिला. शेखर सर आपल्या खोलीतून बाहेर आले. सकुबाईने हातातला पोछा भिंतीला टेकवला. प्रियांकाने घड्याळ पाहिले, पहिल्या टाकीसमोर गुडघे टेकले, दोनदा मोजले आणि वहीत लिहिले.

तास शहाण्णव. पाण्याचे तापमान पंचवीस अंश. ऑक्सिजन लिटरला सात पूर्णांक एक मिलीग्रॅम. साधे पाणी, मासे दहा, मेलेले शून्य.