डावीकडची जागा

ते साल एकोणीसशे त्र्याऐंशी. ब्रह्मदेशातल्या इन्ले तलावावर पगोड्याच्या जत्रेची, पायानं वल्हवायच्या होड्यांची शर्यत तोंडावर आली होती, आणि मा खिन सिंतला नवऱ्याच्या डाव्या गुडघ्यापुढे काही सुचत नव्हतं.

न्यो माउंग गावाच्या होडीत उजवीकडे सगळ्यांत पुढे उभा राही. ती त्याच्या बापाची जागा. डाव्या पायावर उभं राहायचं, उजव्याचा वेढा वल्ह्याला घालायचा, वर्षानुवर्षं हेच. उजवा पाय रेड्यासारखा झाला, डावा नुसता भार वाहत राहिला. आता तो घराची शिडीसुद्धा खांब धरून चढे.

"दोष गुडघ्याचा नाही," दवाखान्यातली नर्स म्हणाली होती. "डावा कुल्ला कमजोर आहे, म्हणून गुडघा आत कोसळतो."

तिनं व्यायाम सांगितला: कुशीवर पडून पाय उचलायचा, पायरी सावकाश उतरायची, घरची होडी डाव्या पायानं वल्हवायची. तो हे सगळं लपूनछपून करी. तरी सुकाणू धरणारे ऊ प्यू दारात आलेच.

"काय गं पोरी, नवरा म्हणे बाळंतिणीसारखा पडून पाय हलवतो?"

"डास मारतात ते."

"मारू दे. उद्या सरावात मठापासून तरंगत्या मळ्यांपर्यंत टिकला नाही, तर जत्रेला काठावर बसेल."

दुसऱ्या दिवशी ती टोमॅटोच्या होडीत बसून बघत होती. न्यो माउंगचं दुखणं कमी झालं होतं, पण अजून पुरतं गेलं नव्हतं. निम्म्या वाटेवर त्याचा गुडघा आत झुकू लागला. तिचा हात आपल्याच गुडघ्यावर गेला. त्याच्या शेजारी, डावीकडे, तिचा भाऊ बो चित उभा होता. तो मुळात उजव्या पायाचा; पण उजवीकडची जागा मोकळीच नव्हती. न्यो माउंग त्याच्याशी काही बोलला. दोघांनी जागा बदलल्या; आता न्यो माउंगचा भार उजव्या पायावर आला, वल्हं डाव्यावर. होडी डुलली.

"कुणाला विचारून रे?" ऊ प्यू कडाडले. "बापाची जागा आहे ती."

"बाप हरायला उभा राहत नव्हता, काका," मागं न वळता तो म्हणाला.

होडीचा वेग पडला नाही. मळे आले तेव्हा ऊ प्यूंनी विडा थुंकला. "तिथंच राहा दोघं."

जत्रेत गाव दुसरं आलं. न्यो माउंग पुढं बरीच वर्षं डावीकडेच उभा राहिला. बो चितनं उजवी जागा आपल्या मुलाला दिली. ऊ प्यू म्हातारपणी कंबर धरून मा खिन सिंतच्याच ओसरीवर कुशीवर पडून पाय उचलू लागले. ती त्यांना डास मोजायला सांगे. आता न्यो माउंग आणि ऊ प्यू दोघंही नाहीत. ती मात्र अजून खांबाला हात न लावता शिडी उतरते.