झाकलेले हात

खोडरबराचा भुगा — करडा, घामट, बेंचभर पसरलेला — आणि त्याच्या मधोमध मोनिकाच्या कागदावरची ती बाजारातली बाई, दोन्ही हात पदराखाली गडप. शेजारच्या कागदावरच्या माणसाचे हात खिशात. पलीकडच्याचे टोपलीमागे. आठवीचा अख्खा वर्ग कोल्हारच्या बाजाराचं चित्र काढतोय आणि बाजारात एकालाही हात नाहीत... चित्रकला शिकवणाऱ्या सत्यशीलाचं कपाळ ठणकायला लागलं. चित्रकलेची परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती.

लहानपणी सत्यशीलानेही चित्रातले हात असेच झाकले होते. बेलापूरच्या शाळेत, भागवत सरांच्या तासाला — सरांनी फूटपट्टी धारेवर उभी धरली आणि तिच्या बोटांच्या पेरांवर... सात, आठ, मग मोजणं सुटलं. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या बोटांनी तिने काढलेला हात सरांनी वर्गभर फिरवून दाखवला. तेव्हा तिला सरांचा जीव घ्यावासा वाटला होता. म्हणूनच शिक्षिका झाल्यावर तिने एकच नेम केला, मुलांना मारायचं नाही. अकरा वर्षं पाळला.

"हात कुठंय हिचा?"

"पदराखाली हाय, मॅडम."

"बाहेर काढ."

"मला न्हाई येत हात. लई वंगाळ व्हतो."

"तुझा डावा हात समोर ठेव. बघून काढ."

मोनिकाने हात बेंचवर पालथा ठेवला. बघण्यासाठीच ठेवला होता बिचारीने. पण तो असा पसरलेला, उघडा, आयता... पट्टी केव्हा सत्यशीलाच्या मुठीत आली, उभी कशी झाली — खाड्. पुन्हा. वर्गातल्या पेन्सिली थांबल्या. तिसऱ्यांदा मारलं तेव्हा, खोटं कशाला बोलायचं, तिला बरं वाटलं.

मोनिका रडली नाही. लाल वळ उठलेल्या हाताकडे बघत ती काढत गेली — मनगट, पेरं, अंगठा. सत्यशीलाच्या ओठांवर आलं होतं, चुकलं गं माझं, दुखतंय का फार... पण डोळे कागदावर गेले. अंगठ्याचा सांधा अचूक होता. महिनाभर गोड बोलून जो आला नाही, तो तीन फटक्यांत आला होता.

"शाब्बास," ती म्हणाली.

आता लाज वाटायला हवी होती. ती वाटेल म्हणून सत्यशीला क्षणभर तिथेच थांबली, खरोखर थांबली... पण आत नुसता आनंद उसळत होता, हिंस्र, भुकेला, आणि तिची नजर पुढच्या बेंचवरची बोटं शोधत होती.