लाल आणि काजळी

सासऱ्याचं नाव काराबेक. त्यातला 'कारा' म्हणजे त्यांच्या बोलीत काळा. एवढ्या दोन अक्षरांपायी जिपारच्या तोंडातून एक अख्खा रंग अकरा वर्षं हद्दपार झाला होता.

सासरच्या थोरांचं नाव सुनेनं घ्यायचं नाही आणि त्या नावात दडलेला शब्दही उच्चारायचा नाही, ही त्या डोंगरातली रीत. पाळायची फक्त बायकांनी. बाप्ये खुशाल एकमेकांना नावानं हाका मारत हिंडतात, त्यांची जीभ काही झडत नाही. जिपार लग्न होऊन आली त्याच दिवशी शेजारच्या बातमाआपानं तिला कोपऱ्यात घेऊन हा धडा पढवला. तेव्हापासून घरातली काळी गाय 'रात्रवाली' झाली, बिनदुधाचा काळा चहा 'उपाशी चहा' झाला आणि खोगिराच्या कातड्याला लावायचा काळा रंग झाला 'काजळी'.

काराबेक जीनगर होता. नारीन गावापासून पार आत-बाशी गावापर्यंत त्याची खोगिरं जायची. त्याला सुनेच्या या कसरतीची मोठी गंमत वाटे. मुद्दाम विचारायचा, पोरी, आज कोणता रंग लावायचा गं? तिनं मान खाली घालून 'काजळी, बाबा' म्हटलं की मिशीतल्या मिशीत हसायचा. एकदा म्हणाला, "माझ्या बापानं माझं नाव पाणी ठेवलं असतं, तर तू तहानेनं मेली असतीस."

तिचा वाकडा शब्द त्याला चटकन सरळ कळायचा. त्या घरात प्रेम होतं ते असं.

फेब्रुवारीत त्याला झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. दवाखान्यातल्या नर्सनं निघताना जिपारला बजावलं होतं, यांच्याशी सरळ बोला, लहान शब्द बोला, ज्याचं जे नाव आहे तेच घ्या. फिरवून बोललात तर कळणार नाही. जिपार हो हो म्हणाली. नवरा तिलेक रशियात ट्रक हाकत होता, सासू वारून चार वर्षं झालेली. दिवसभर घरात हे दोघंच, आणि तिच्या तोंडी सगळे शब्द फिरवलेले. रात्रवाली व्यायली, असं तिनं आनंदानं सांगितलं तर म्हातारा खिडकीकडे बघत राहिला, भरदुपारी रात्र कुठे दिसते का म्हणून. तिला रडू फुटलं. तरी तो शब्द निघेना. रीत घालून देणारे कधीच मेले, पण बाईच्या घशात त्यांनी बसवलेला खिळा तसाच होता.

भिंतीवर एका खोगिराची, घोड्याच्या दोन्ही कुशींवर लोंबणारी, दोन कातडी पाखं टांगलेली होती. उन्हाळा सरताना कळप खाली उतरले की काराबेकची लेक सायकाल हिचं लग्न होतं, आणि बापानं खोगीर कबूल केलेलं. मध्ये मेंढ्याच्या शिंगांची लाल नक्षी, बाहेर सगळं काळं. एक पाख पुरं झालं होतं. दुसऱ्याचं लाल झालं आणि झटका आला. दुसरं बिघडलं तर पहिलंही फुकट, कारण तशी लाली पुन्हा साधत नाही. म्हातारा रोज त्या अर्ध्या पाखाकडे बघायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. जिपारला धास्ती एकच होती. हे बिघडलं तर हा माणूस भिंतीकडून परत वळायचा नाही.

मे महिन्यात एका सकाळी तो उठला. डाव्या हातानं ते अर्धं पाख ओढून खाली काढलं, मांडीवर घेतलं आणि सुनेकडे बघितलं. तिनं दोन वाडगे आणून ठेवले.

कातड्यावर दोन रंग शेजारी शेजारी सुखानं नांदत नाहीत. रंग आतल्या आत तंतूंमधून सरकतो आणि दुसऱ्याच्या घरात शिरतो. म्हणून आधी रेघेवर सुरी तिरकी धरून चीर द्यायची, कातड्याच्या निम्म्या जाडीपर्यंत. जास्त गेली तर तिथून फाटतं, कमी गेली तर रंग उडी मारतो. मग त्या चिरेत चरबी आणि मेण कोमट करून भरायचं, वरचं अंगठ्यानं पुसायचं. फिका रंग आधी, गडद नंतर. बोळा जवळजवळ कोरडा हवा, आणि सुरुवात रेघेपासून कधीच करायची नाही. लांबून निघून रेघेपाशी येऊन थांबायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. सासऱ्यासमोर अर्धी पाठ करून बसायचं, तशी बसून अकरा वर्षं डोळ्याच्या कोपऱ्यातून तिनं ते उचललं होतं.

लाल रंग मंजिष्ठेचा, गरीब स्वभावाचा. काळा बेरकी. गंजकं लोखंड ताकाच्या आंबट निवळीत चाळीस दिवस ठेवलं की तो तयार होतो, पण वाडग्यात दिसतो नुसता गढूळ पाण्यासारखा. कातड्याला लागला की मग काळा पडतो, आणि पडला की कुणाचा बाप तो काढू शकत नाही.

एका वाडग्यात साधं पाणी होतं. काळ्याला हात घालण्याआधी म्हातारा ओल्या बोळ्यानं लालावरची रंगाची सुटी भुकटी नेहमी पुसून घ्यायचा, त्यासाठी. दुसऱ्यात ते लोखंडाचं पाणी. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखेच. दारात बातमाआपा चाळणी परत द्यायला म्हणून आली होती आणि चाळणी हातातच धरून बघत उभी राहिली होती.

म्हाताऱ्यानं लोकरीच्या नमद्याचा बोळा उचलला आणि चुकीच्या वाडग्यात बुडवला. पिळलाही नाही. एका हातानं पिळणार कसा? थेंब गळणारा बोळा लाल शिंगाकडे निघाला.

"बाबा, ते पाणी नाही," जिपार म्हणाली. "काजळी आहे ती."

त्यानं मान वळवून चुलीच्या धुराड्याकडे बघितलं. तिथे काजळी होतीच. समजल्यासारखी मान हलवली, आणि हात पुन्हा पुढे.

"रात्रीसारखं, बाबा. रात्रवालीसारखं."

आता त्यानं खिडकीकडे बघितलं. हात धरावा तर हिसका बसून शिंतोडे लालभर उडाले असते. बोळा शिंगावर वीतभर उंच होता, मग चार बोटं, मग दोन.

"कारा," जिपार म्हणाली.

हात जागच्या जागी थांबला. दारातल्या आपानं तोंडावर चाळणी धरली.

म्हातारा वाडग्याकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. एवढंसं, तोडकं नाव घेऊन त्याला कोण हाक मारणार होतं? बायकोनं जन्मभर नवऱ्याचं नाव टाळलं. गावाला तो काराबेक उस्ताद होता. असं बोलावत असेल ती त्याची आई, ओढ्यापलीकडे वासरं राखणाऱ्या पोराला, जेवायला ये म्हणून.

"आलो," काराबेक म्हणाला.

शब्द अगदी धड निघाला. तीन महिन्यांतला पहिला. मग त्याचं त्यालाच नवल वाटलं. खाली बघितलं, बोळा बघितला, वाडगा बघितला, आणि हळूच, एकही थेंब न सांडता, बोळा परत वाडग्यात सोडला.

"कारा," जिपारनं वाडग्याला बोट लावून पुन्हा सांगितलं, आता सावकाश, दुसऱ्यांदा तितकं जड गेलं नाही. "हे कारा. आणि हे पाणी."

आपानं दारातून विचारलं, जिभेला काही होतंय का गं? जिपार म्हणाली, काही नाही होत, तुम्हीही नाव घेऊन बघा. आपा चाळणी ठेवून निघून गेली. पण अंगणाच्या टोकापर्यंत तिचे ओठ हलताना दिसत होते.

दुसऱ्या बोळ्यानं लाल पुसून झाल्यावर म्हाताऱ्यानं काळ्यातला बोळा काढून सुनेच्या हातात दिला आणि पाख तिच्या मांडीवर सरकवलं. ती प्रथमच त्याच्याकडे तोंड करून बसली. तिनं बोळा करकचून पिळला. त्यानं डाव्या हाताचं बोट पाखाच्या बाहेरच्या कडेला टेकवलं. इथून. तिनं तिथून ओढायला सुरुवात केली. कातडं आधी राखाडी झालं, मग दोन श्वासांत काळं. काळेपणा रेघेपाशी आला, चिरेतल्या मेणाला टेकला आणि थांबला. पलीकडे लाल कोरं करकरीत. शिंगामागून शिंग झालं.

शेवटच्या शिंगाच्या टोकाशी काळा केसभर आत शिरला. जिपारनं बोळा बाजूला ठेवला. तिनं वाकून बघितलं. चीर तिथे उथळ गेली होती. म्हणजे झटक्याच्या आधीपासूनच म्हाताऱ्याचा हात थरथरत होता, आणि त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं.

म्हाताऱ्यानंही बघितलं. बोट त्या डागाशी नेलं. ओठ जुळवायला त्याला बराच वेळ लागला. ती थांबून राहिली, शब्द पुढे केला नाही.

"माझं," तो म्हणाला. "चूक. माझी."

"असू दे, बाबा," ती म्हणाली. "सायकालला कळेल, बापानं केलंय म्हणून."

तो हसला, अर्ध्याच तोंडानं, कारण उरलेलं अर्धं अजून ऐकत नव्हतं. मग तिनं ते पाख पहिल्याशेजारी टांगलं, त्याच्यासाठी बिनदुधाचा चहा आणला, आणि चहाचंही खरं नाव घेतलं.