स्प्रिंगखाली अडकलेला हात

शार्शेनदाजींनी आपली जुनी गाडी कादिरबेकच्या गॅरेजच्या दारात लावली, तेव्हा तो त्यांच्याशी दोन वर्षांनी बोलला. तेही फक्त, "किल्ली द्या."

दोन वर्षांपूर्वी दोलोनच्या घाटात हीच गाडी खड्ड्यात गेली होती. तेव्हापासून कादिरबेकची बहीण आयनाश लंगडत होती. बर्फावरून चाक घसरलं, असं दाजी सगळ्यांना सांगत आले. स्टीअरिंग सैल आहे, असं कादिरबेकने त्यांना आधीच बजावलं होतं. आता आयनाशनेच निरोप धाडला होता, की भावाने गाडीचा पुढचा भाग नव्याने बांधला तरच ती गाडीत बसेल.

तीन दिवसांत बॉल जॉइंट, बुश, टाय रॉड सगळं बदलून झालं. राहिली डाव्या चाकाची स्प्रिंग. कादिरबेक खालून जॅक चढवत तिला दाबत होता. ती तिरकी होतेय असं पाहून दाजींनी न सांगता हात घातला. स्प्रिंग सरकली आणि त्यांची बोटं वरच्या खोबणीत चिरडली.

जॅक एकदम उतरवला असता तर स्प्रिंग उसळून थेट दाजींच्या तोंडावर आली असती.

"हलू नका. आधी साखळीने बांधतो हिला."

त्याने साखळी स्प्रिंगमधून ओवली, गाडीच्या सांगाड्याला आवळली. दाजींचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मुद्दाम वेळ लावतोयस," ते दात आवळून म्हणाले.

"मुद्दाम करायचं असतं तर जॅक सोडून केव्हाच बाजूला झालो असतो."

मग त्याने पहारीने स्प्रिंग दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने जॅक केसाकेसाने उतरवला. स्प्रिंग करकरली, साखळी ताणली गेली. हात निघाला. दोन बोटं मोडली होती.

दाजी तिथेच मातीत बसले. म्हणाले, "बर्फ नव्हता रे त्या दिवशी."

"मला नका सांगू. तिला सांगा."

त्यांनी त्या संध्याकाळीच सांगितलं. आयनाश चहा ओतत होती. "मी शेजारीच बसले होते," ती म्हणाली. "रस्ता मलाही दिसत होता. तुम्ही कधी बोलता, तेवढंच बघत होते."

चौथ्या दिवशी कादिरबेकने गाडी बाहेर काढली. दाजी प्लास्टरचा हात धरून मागे बसले. आयनाश पुढे बसली आणि भावाला म्हणाली, "घाटात घे."