रोज दहा जानेवारी

मोराचा पिसारा अर्धा भरला आणि कॉम्प्युटरने मान टाकली. मुहूर्त तरी कसला शोधला मेल्याने! दुसऱ्या दिवशी सकाळी उम्म हिंद ह्या गिऱ्हाईकबाईच्या लेकीचं लग्नाचं सामान ट्रकवर चढून नवऱ्यामुलाच्या घरी जायचं होतं. फ्रिज, गाद्या, पातेली आणि सगळ्यांत वर, अख्ख्या दमनहूर गावाने माना उंच करून बघावी अशी ही मोरांची चादर. आणि चादर कुठे, तर अवातिफच्या भरतकामाच्या मशीनवर, चौकटीत ताणलेली, सुई पिसाऱ्यात रुतलेली. चौकटीतून काढली की नक्षी पुन्हा जुळत नाही, आणि ठेवली तर पुढे सरकत नाही.

मशीनला नक्षी पुरवणारा कॉम्प्युटर म्हणजे विंडोज एक्सपीचा एक जुनाट, पिवळा पडलेला डबा. सकाळी ठीक चालला होता. अवातिफ जेवायला वर गेली, हात पुसत खाली आली, तर भरतकामाचा प्रोग्राम उघडला, इंग्रजीत काहीतरी खेकसला आणि बंद झाला. तिने डबा बंद करून चालू केला. मागच्या वायरी उपसल्या, फुंकल्या, पुन्हा खोचल्या. पडद्यावरची कचऱ्याची टोपली रिकामी केली. एफ-आठ दाबून सेफ मोडमध्ये शिरून बघितलं, तिथेही तेच खेकसणं. शेवटी डब्याला एक सणसणीत चापट मारली. तीही लागू पडली नाही.

"हात काय चालवतेस? डोकं चालव," कोपऱ्यातून हाजा नबविय्या म्हणाली.

ही अवातिफची सासू. नवरा सलामा कुवेतमध्ये ट्रक चालवायचा, त्यामुळे सासूचा सगळा प्रसाद अवातिफच्या एकटीच्या वाट्याला. खालच्या ह्या दोन खोल्या हाजाच्या नावावर होत्या आणि हाजा त्यांतच दिवसभर बसून भरलेल्या कापडाचे लोंबते दोरे कातरायची. कातरीपेक्षा जीभ जास्त चालायची. दोरा वाकडा आला, टाका सैल पडला, चहा पाणचट झाला, तुझ्या आईने तुला शिकवलं तरी काय. धाकटा लेक शहाता ह्याच खोल्यांवर डोळा ठेवून होता, त्याला तिथे मोबाईलचं दुकान थाटायचं होतं. हाजाने सगळ्यांदेखत ठणकावलं होतं, "ज्या दिवशी एखादं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाईल, त्या दिवशी किल्ली शहाताला." शब्दाची पक्की बाई. बोलली की करणार.

आणि तो डबा दुरुस्त करणारा गावात एकच, तोच शहाता. प्रोग्रामही त्यानेच घातलेला. अवातिफने दात आवळून फोन केला.

तो आला तो किल्ली मिळाल्यासारखाच. भिंती बघितल्या, दाराची रुंदी बघितली.

"फॉरमॅट मारावा लागेल," तो खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला.

"अरे, अजून बघितलंसुद्धा नाहीस!"

"बघायचं काय त्यात? मेलेल्या गाढवाची नाडी बघतात का?"

"माझ्या सगळ्या नक्ष्या डेस्कटॉपवर आहेत. फॉरमॅट मारलास की सगळ्या गेल्या."

"मग डी-मध्ये ठेवायच्या. किती वेळा सांगितलं, सी विंडोजचं, डी आपलं. पण वहिनीला अक्कल शिकवणारा मी कोण? मी साधा माणूस."

"साधा! तुझ्यासारखी साधी माणसं वाढली तर देशाला कुलपं पुरायची नाहीत."

"ऐकलंस अम्मा? मदतीला बोलावते आणि चोर म्हणते."

"चोर आहेसच," हाजा दोरा कातरत म्हणाली. "काम कर."

शहाताने नाक मुरडून माऊस धरला. इकडे टिचकी, तिकडे टिचकी, जागा किती उरली ते बघ, नको ते प्रोग्राम काढ, सगळं कसं अगदी डॉक्टरच्या तोऱ्यात. मग बाण उजव्या कोपऱ्यातल्या घड्याळावर नेला, तशी तारीख वर उमटली. त्याचा हात थबकला.

"घड्याळाला हात कुणी लावला? इथे जून दाखवतोय!"

 प्रोग्राम चोरीचा होता. तो महिनाभर फुकट चालायचा आणि मग पैसे मागायचा. त्यावर शहातानेच तोडगा काढून दिला होता, की रोज सकाळी घड्याळावर दोन टिचक्या मारायच्या आणि तारीख मागे नेऊन दहा जानेवारी करायची. प्रोग्राम बिचारा समजायचा, अजून महिना संपलेलाच नाही. बाहेर खमसीनचे धुळीचे, तापलेले वारे येऊन गेले, रमजान झाला, ईद झाली, जून उजाडला, ह्या खोलीत रोज दहा जानेवारी. आजही अवातिफने स्वतःच्या हाताने तारीख मागे नेली होती.

"तूच!" ती ओरडली. "मी जेवायला वर गेले तेव्हा तू पेरू द्यायच्या निमित्ताने इथे येऊन गेलास. तूच घड्याळ फिरवलंस! मेल्या, खोल्यांसाठी एका पोरीच्या लग्नाच्या चादरीवर उठलास?"

"अल्लाशपथ, मी पेरू ठेवले आणि गेलो!"

"तुझ्या शपथा तुझ्या चार्जरांसारख्या, दोन दिवस चालतात."

"जीभ सांभाळ, वहिनी! मी उठून गेलो ना, तर बस मोरासमोर रडत!"

"बोंबलू नका," हाजा म्हणाली. "मी फिरवलं."

 हाजाने मांडीवरचं कापड बाजूला ठेवलं.

"हिला रोज सकाळी बघते की. कोपऱ्यात दोन टिचक्या, वर महिना, खाली आकडे. आंधळी आहे का मी? कानाने अधू आहे तेवढी."

कानाची गोष्ट खरी. मशीनच्या खडखडाटात मशिदीतली अजान तिला ऐकू यायची नाही, म्हणून शहातानेच त्या डब्यात अजानचा प्रोग्राम घालून दोन दांडगे स्पीकर तिच्या डोक्यापाशी लावले होते. आईची केवढी काळजी, म्हणून गल्लीत मिरवलाही होता. पण अजानची वेळ तो प्रोग्राम तारखेवरून काढायचा. दुपारची वेळ वर्षभर जवळजवळ तीच राहते, तिथे काही बिघडत नव्हतं. मावळतीची ती वर घरी, सूर्य बुडालेला बघूनच करायची. उतरत्या उन्हाची असरची नमाज मात्र हिवाळ्यात लवकर आणि उन्हाळ्यात बरीच उशिरा. आणि डब्यात तर कायमचा हिवाळा.

"काल वीज गेली," हाजा म्हणाली. "तुमचा डबाही मेला, मशीनही गप्प. असरची वाट बघत बसले. केव्हाची झाली असेल म्हणते, तर मशिदीतली अजान आत्ता कुठे येतेय! मग चष्मा लावून भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान वाचलं. रोजच्या पानावर वेळ छापलेली असते आणि मी म्हातारी तुमच्या डब्याचं ऐकून वेळेआधीच उभी राहतेय! वेळेआधीची नमाज होते का रे? आज मी तारीख खरी केली. बिघडलं तर बिघडू दे तुमचं मशीन."

शहाता खाली मान घालून पडद्याकडे बघत राहिला.

"बघतोस काय? दुरुस्त कर. खोटं तूच भरलंस त्यात."

"नुसतं मागे नेऊन चालणार नाही, अम्मा. प्रोग्रामने खरी तारीख बघितली, आता तो फसणार नाही. अख्खं विंडोजच आदल्या दिवशीच्या जागी न्यावं लागेल."

"मग ने."

त्याने तारीख मागे नेली आणि सिस्टिम रिस्टोअर उघडलं. परतीचा प्रत्येक टप्पा दहा जानेवारीचाच होता. त्याने सगळ्यांत वरचा निवडला, पडदा निळा झाला आणि हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. खोली इतकी शांत त्या घरात क्वचितच असायची. त्या शांततेत गल्लीच्या टोकाच्या मशिदीतून असरची अजान आली. हाजाने एक बोट वर केलं आणि शेवटपर्यंत तसंच धरून ठेवलं.

डबा पुन्हा सुरू झाला. प्रोग्राम उघडला आणि उघडाच राहिला, पडद्यावर मोर आला. अवातिफ मशीनकडे धावली.

"हात लावायचा नाही," हाजा म्हणाली. तिने नमाजेची सतरंजी आणली आणि मशीनसमोर, दाराला आडवी अंथरली. "आजची असर झाली की चुकलेल्या भरून काढणार, इथेच. तोवर ह्या खोलीत खडखड नको. कधीपासून चुकतेय ते सांगा."

"चार दिवस, अम्मा," शहाता पटकन म्हणाला. "शनिवारपासून. त्याआधी बरोबर होतं, मी स्वतः तपासलं होतं."

आता गंमत बघा. खरं सांगितलं असतं तर मशीन रात्रभर बंद राहून खोल्या ह्याच्याच घशात जायच्या. पण आईला फसवल्याची लाज त्या लोभापेक्षा मोठी निघाली. अवातिफने नुसती मान डोलवायची होती. चार नमाजा, मग मशीन, मग मोर, मग ट्रक.

"तू बोल," हाजा तिला म्हणाली. "का तोंड शिवलंय? तेही वाकडंच शिवलं असशील."

झालं! अवातिफचा तोल गेला.

"थंडी संपल्यापासून! कळलं? थंडी संपल्यापासून रोज लवकर होतेय! रमजानभरसुद्धा! आणि मला माहीत होतं! ह्यालाही माहीत होतं!"

"माहीत होतं आणि गप्प बसलीस?"

"हो, बसले! तुम्ही लवकर उठून आत नमाजेला गेलात की जपमाळही लांबायची, आणि ती संपेपर्यंत माझं डोकं शांत राहायचं. दिवसात तेवढाच वेळ कुणी मला दोरा वाकडा म्हणायचं नाही! पाप लागलं तर लागू दे!"

 शहाताने हळूच घसा खाकरला. "वहिनी, चादर उतरवून ठेव. थंडीपासूनच्या म्हणजे सकाळ होईल."

हाजा सतरंजीवर उभी राहिली. नमाजेआधी हातपाय धुऊन करायची वजू तिची असायचीच. गुडघे कडकड वाजत होते, तरी खाली गेली, वर आली. एक नमाज झाली. दुसरी झाली. दारात सतरंजी, त्यामुळे शहाताला बाहेर जाता येईना, आणि अवातिफला मशीनपाशी. दोघं भिंतीला पाठ लावून, एकमेकांचं तोंड न बघता उभी. खिडकीतलं ऊन कपाटावर चढलं, मग कपाटावरूनही गेलं. अवातिफच्या डोळ्यांपुढे उम्म हिंदचं तोंड यायला लागलं.

तिसरीच्या शेवटचा सलाम फिरवून हाजा गुडघ्यावर हात टेकून बसली.

"अवातिफ, मशीन लाव."

"पण तुमची नमाज..."

"इतकी वर्षं ह्याच खडखडाटात त्याचं नाव घेतलं, त्याला सवय आहे. माझ्याने एका दिवसात होणारही नाही. लाव." मग तिने शहाताकडे बघितलं. "तू आत्ता माझ्या तोंडावर खोटं बोललास, माझ्या सतरंजीसमोर. खोल्यांचं नाव पुन्हा काढू नकोस. ते स्पीकर उचल आणि चालू लाग."

शहाता स्पीकर काखोटीला मारून, सतरंजीच्या कडेकडेने भिंतीला घासत निघून गेला. अवातिफने बटण दाबलं. सुई हलली, पिसारा सरकू लागला. चादर वेळेत होणार होती, खोल्याही राहिल्या. तिला रडूच यायला लागलं.

"आणि ऐक," हाजा पुढच्या नमाजेसाठी उठत म्हणाली. "उद्यापासून मी आतल्या खोलीत जाणार नाही. चुकलेल्या सगळ्या इथेच, तुझ्याशेजारी भरणार. संपल्या तरी इथेच. तुझा शांत वेळ संपला."

 हाजाने हात कानांपाशी नेले, मग क्षणभर थांबून मशीनकडे एक नजर टाकली.

"दोरा वाकडा येतोय," ती म्हणाली आणि नमाजेला लागली.

अवातिफने वाकून बघितलं. वाकडाच येत होता.