चुन्याखालची नावे

मी एक जुना कुंचा आहे. चुना लावायचा, मुंज नावाच्या गवताचा. माझे अर्धे केस गळले, उरलेले चुन्याने ताठ झाले आणि खरे सांगायचे तर, मित्रांनो, मी आता फार थकलो आहे. एवढी एक गोष्ट सांगतो, मग मला खुंटीवर निवांत लटकू द्या.

मला हल्के कक्कांनी बनवले; आमच्याकडे काकांना कक्का म्हणतात. झाशीहून मऊरानीपूरला जाताना त्यांचे गाव लागते. गावाबाहेर तळ्याकाठी सात जुन्या समाधी आहेत. मराठ्यांच्या फौजेबरोबर आलेली माणसे इथेच राहिली, इथेच वारली. त्यांच्या अस्थींवर ओटे बांधले आणि प्रत्येक ओट्यावर एकेक दगड उभा केला. त्या दगडांना दर वर्षी पितृपक्षाआधी चुना लावायचा, हे कक्कांच्या घराण्याचे काम. वर्षातून दोनच दिवस राबायचे, म्हणून मी पंधरा वर्षे टिकलो. काम संपले की कक्का लांब उभे राहून म्हणत, "देखो, कैसे चमक रए!" मी फुगून जाई. आपण कुणाची नावे झाकतो आहोत, हे माझ्या गावीही नव्हते.

सर्वपित्री अमावास्येला झाशीच्या प्रेम नगरातून नारायणराव येत. या सातांतली एक समाधी त्यांच्या मूळ पुरुषाची, त्र्यंबकरावांची. कोणती, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हते. म्हणून ते साती दगडांवर फुले ठेवत. कक्कांना म्हणत, "अपना कौनसा, पता नहीं. फिर किसको छोड़ें?"

यंदा ते ऐंशीचे झाले. दोन्ही मुलांना घेऊन आले आणि कडुनिंबाखाली बसून म्हणाले, "एकदा आपल्या दगडावर हात ठेवला, की मी सुटलो."

त्यांची मुलगी कल्याणी खेड्यापाड्यांतल्या जुन्या समाधींचा आणि कबरस्तानांचा इतिहास शोधत हिंडते. तिने दगडावरून बोट फिरवले. "नावं चुन्याखाली असतील, बाबा. मी येईपर्यंत कुणी हात लावू नका." एवढे सांगून ती कक्कांबरोबर तळ्यापलीकडचे कबरस्तान पाहायला गेली.

पण तिच्या धाकट्या भावाला, नीरजला, दम कुठला! त्याची वीस वर्षे रेल्वेच्या कारखान्यात डब्यांचा गंज खरवडण्यात गेलेली. पिशवीत तारेचा ब्रश होताच. "बाबा, बघाच तुम्ही. दस मिनट में नाव काढतो."

रस्त्याकडच्या पहिल्या दगडावर तो तुटून पडला. चुना उडाला, आणि मागोमाग तांबडी वाळू भुरभुर गळू लागली. चुन्याचे काम झाल्यापासून मी तिथेच बादलीत होतो, पडल्या पडल्या पाहत होतो. गंज खरवडला तरी लोखंड उरते. हा वाळूचा दगड, त्याची सालच निघाली.

"नाव कुठाय रे?" नारायणरावांनी विचारले.

"निकलेगा बाबा, निकलेगा."

त्याने आणखी जोर लावला. दगड गुळगुळीत झाला. तेवढ्यात कक्का धावत आले, मागोमाग कल्याणी. "अरे भैया, जौ का कर डारो!"

कल्याणीने भावाच्या हातून ब्रश काढून घेतला. चुना मऊ पडावा म्हणून तिने उरलेल्या सहा दगडांना ओली गोणपाटे गुंडाळली आणि सगळ्यांना बसवून ठेवले. दुपारी तिने बांबूची चपटी काडी घेतली. चुन्याचे पापुद्रे अलगद सुटू लागले. खाली अक्षरे होती, ठसठशीत. ऊनपाऊस त्यांना लागलाच नव्हता, कारण वर चुना होता. कक्कांनी मला उचलून छातीशी धरले. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझे लक्ष त्या पहिल्या दगडाकडे होते.

कल्याणी एकेक नाव मोठ्याने वाचत गेली. गोपाळराव. राणोजी. विसाजीपंत. प्रत्येक नावाला नारायणराव मान हलवत. सहावे नाव निघाले, येसाजी. सातांतले सहा दगड दुसऱ्यांचे निघाले; त्र्यंबकराव त्यांत नव्हते.

नीरज वडिलांजवळ येऊन बसला. "बाबा, मीच पुसलं त्यांना."

नारायणराव त्याच्या खांद्याचा आधार घेत उठले. त्या कोऱ्या दगडापाशी गेले आणि दोन्ही तळवे त्यावर टेकले. "हेच रे आपले," ते म्हणाले. "ये, तूही हात ठेव." नीरजला हात उचलवेना. शेवटी बापानेच त्याचा हात धरून दगडावर ठेवला.

मित्रांनो, त्या माणसाच्या मनात खोट नव्हती. त्याने बापासाठीच केले. पण माया असली तरी घाईने वस्तू मरते. जुन्या दगडाला, जुन्या कागदाला हात लावण्याआधी जाणत्या माणसाला विचारा. भिजू द्या. बसून राहा. ते नाव दोनशे वर्षे चुन्याखाली गप्प उभे होते. दुपारपर्यंत ते सहज थांबले असते.