टेबलावरचा नंदी

बंगळुरूत व्हाइटफील्डच्या त्या ऑफिसात एक रीत होती. ज्याच्या कोडमुळे प्रोग्राम तपासणाऱ्या टेस्ट फेल झाल्या, त्याच्या टेबलावर मातीचा नंदी बसवायचा. चूक सापडेपर्यंत तो हलायचा नाही. म्हणे गंमत! सोमवारपासून नंदी सिद्धीच्या टेबलावर ठाण मांडून होता आणि पोरीला घास जात नव्हता. जाईल कसा? नागपूरहून आलेली, नोकरी अजून कच्ची. पक्की करायची की नाही, हे टीमलीड पद्मनाभ आजच ठरवणार होते.

कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरला तिनं एवढंच शिकवलं होतं: काम झालं की तात्पुरत्या फाइली पुसून टाक. लिनक्सवर टेस्ट पास, मॅकवर पास. विंडोजवर मात्र धडाधड फेल.

"विंडोजचं नेहमीचंच रडगाणं हाय," शेजारचा महांतेश म्हणाला. हा निपाणीचा, ऑफिसात तिच्याशी मराठीत बोलणारा एकटाच, डब्यातली चटणीही आधी तिला देणारा. "तिथं त्या टेस्ट बंद कर की. सगळे त्येच करत्यात."

"बंद केल्या तर चूक माझ्याच नावावर राहील ना, अण्णा."

ती हटून बसली. एकेक टेस्ट वेगळी चालवली, तेव्हा दुपारी कुठं घोडं अडलंय ते दिसलं. पुसायची फाइल टेस्टच्या कोडनं उघडून ठेवली होती, बंदच केली नव्हती. लिनक्स आणि मॅक उघडी फाइलही मुकाट पुसू देतात. विंडोज म्हणतं, पाटावर माणूस बसलाय, पाट उचलायचा नाही. आणि तो टेस्टचा कोड होता महांतेशचा.

सिद्धी पेचात पडली. सांगावं, तर इथल्या एकुलत्या एका आपल्या माणसाला उघडं पाडायचं. न सांगावं, तर नोकरीवर पाणी.

"जाऊ द्या, टेस्ट बंदच करते," ती पुटपुटली.

"सकाळी तर न्हाई म्हणत हुतीस. आता काय झालं?" महांतेशनं खुर्ची ओढली आणि तिच्या स्क्रीनवर स्वतःचंच नाव वाचलं. सिद्धीला त्याच्याकडं बघवेना.

मग तो उठला, नंदी उचलला आणि भरल्या ऑफिसातून थेट पद्मनाभांपुढं जाऊन उभा राहिला. "नन्नदे तप्पु," तो म्हणाला. माझीच चूक, एवढं कन्नड सिद्धीला आता कळत होतं. तिचे डोळे भरून आले.

परत येऊन त्यानं नंदी आपल्या टेबलावर ठेवला. "माझी नोकरी पक्की हाय, मला काय हुतंय? पर पुन्हा असं गिळून बसू नको. चल, फाइल बंद करू."

दोघांनी मिळून ती बंद केली. विंडोजवर टेस्ट पास झाल्या, आणि नोकरी पक्की झाल्याचा निरोप संध्याकाळी आला. तोवर सिद्धीला सडकून भूक लागली होती. तिनं डबा उघडला आणि पहिली पोळी अण्णांपुढं ठेवली.